पदवी नसलेला माजी विद्यार्थी

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत, टेक्ससमध्ये शिकतो. गेल्या ऑक्टोबरात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. भलंमोठं स्टेडियम, वाजणारा बँड, आणि कॉलेजच्या रंगाचे टी-शर्ट घालून नाचणारी साठी-सत्तरीची माणसं. खाली त्याने लिहिलं होतं, "मामू, आज हमारे कॉलेज का होमकमिंग मॅच है."

हा काय प्रकार म्हणून मी त्याला फोन केला. त्याने सांगितलं, की तिकडे पानगळीच्या दिवसांत एक शनिवार ठरतो. त्या दिवशी कॉलेजच्या संघाचा सामना घरच्या मैदानावर ठेवतात आणि जुने विद्यार्थी गावोगावहून परत येतात. ही प्रथा कुणी सुरू केली यावर तिथे अजून वाद आहे. बेलर विद्यापीठ १९०९ चा दाखला देतं, इलिनॉय १९१० चा, मिसुरी १९११ चा. त्यांचा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल आणि खेळ बराचसा हाताचा. आणखी एक गंमत त्याने सांगितली. या दिवसासाठी बऱ्याचदा मुद्दाम दुबळा पाहुणा संघ शोधतात, म्हणजे घरी आलेल्या मंडळींना विजय बघून जाता येतं.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे शब्द दिसला की त्याला मराठीत काय म्हणायचं हा चाळा लागतो. 'घरी येणं' हा सरळ अर्थ झाला. पण मला आठवला तो 'माहेरपण' हा शब्द. लेक माहेरी येते तेव्हा दारात तिला कुणी कागद विचारत नाही. ती घरातली आहे एवढंच पुरतं.

त्यानंतर आठवड्याभरातच मला फोन आला. माझा कॉलेजचा वर्गमित्र, आता बँकेत आहे. म्हणाला, "मास्टर, बूट शिल्लक आहेत का? डिसेंबरात माजी विद्यार्थी मेळावा आहे. सकाळी फुटबॉलचा सामना, आजी विरुद्ध माजी."

म्हणजे आमच्या नगरातही होमकमिंग होणार होतं. फरक एवढाच, की दुबळा पाहुणा संघ म्हणून आम्हालाच बोलावलं होतं.

जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण बोलताना आम्ही सगळे पूर्वीपासून 'नगर'च म्हणतो, तसंच इथेही म्हणतो. नगर हे फुटबॉलचं गाव म्हणून कुणाला ठाऊक नसतं. फुटबॉल म्हटलं की महाराष्ट्रात कोल्हापूर. तिथे तालमींचे संघ आहेत, पेठा-पेठांची ईर्ष्या आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण नगरला भिंगारची छावणी आहे. लहानपणी आम्ही जवानांना फुटबॉल खेळताना कुंपणाबाहेरून बघायचो. चेंडू बाहेर आला की तो परत लाथाडायला आमच्यात मारामारी व्हायची. आमचं फुटबॉलचं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

आम्ही माजी लोकांनी सराव सुरू केला तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. फजरची नमाज झाली की मी सायकल काढायचो. साडेसहाला मैदानावर. नगरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. आम्ही नऊ जण जमलो. एक वकील, एक एसटीचा कंडक्टर, एक कांद्याचा व्यापारी, दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, बँकवाला आणि दोघे पुण्याहून खास आलेले. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. माझ्या गुडघ्यातून जिना चढताना आवाज येतो. कंडक्टरने दोन्ही गुडघ्यांना नी-कॅप लावल्या होत्या. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि कांद्याचा व्यापारी खाली बसून म्हणाला, "मला गोलकीपर करा, नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आत्ताचा कॉलेजचा संघ सराव करत होता. मुलं वाऱ्यासारखी पळत होती. त्यांचे क्रीडाशिक्षक शिट्टी वाजवायचे आणि ती चार-चारच्या गटात चेंडू एका स्पर्शात पुढे द्यायची. आमच्या वेळी सराव म्हणजे दोन गोल लावायचे आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. त्यांचा गोलकीपर माझा विद्यार्थी निघाला. चार वर्षांपूर्वी दहावीला माझ्या मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा. मला बघून धावत आला, "सलाम सर," म्हणाला आणि माझ्या बुटांकडे बघून हसू दाबलं.

दम खाताना वकील सहज बोलून गेला, "लेफ्टी असता तर निदान एक गोल तरी झाला असता."

कुणी काही बोललं नाही. मी तर बुटाच्या नाड्या सोडून परत बांधल्या.

लेफ्टीचं खरं नाव इथे लिहीत नाही. त्याने स्वतःच सांगितलंय, "लिख, पर मेरा नाम नक्को डाल." आम्ही दोघे एकाच उर्दू शाळेतले. त्याच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. १९९६ साली आम्ही दोघांनी बी.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा वर्गातली भाषा बदलली आणि आम्ही एकदम मुके झालो. राज्यशास्त्राचे सर 'सार्वभौमत्व' म्हणाले, तर लेफ्टीने माझ्या कानात विचारलं, "ये कौनसा सालन है?" मी हसलो, पण अर्थ मलाही कळला नव्हता. आज मी मुलांना तो शब्द फोड करून शिकवतो तेव्हा दर वर्षी मला सालन आठवतं.

मैदानावर मात्र तो मुका नव्हता. तिथे 'दे', 'सोड', 'मागे बघ' एवढी भाषा पुरायची. वर्गात ज्यांनी आमच्याशी कधी एक वाक्य बोललं नव्हतं, ती मुलं मैदानावर "लेफ्टी, लेफ्टी" ओरडायची. डाव्या पायाने तो असा चेंडू द्यायचा, की पुढच्याला फक्त पाय लावायचा राहायचा. १९९७-९८ च्या संघात आम्ही दोघे होतो.

त्या वर्षी जानेवारीत त्याचे अब्बा आजारी पडले. तो दवाखान्यात थांबायचा. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आली, तेव्हा त्याने मला एका पाकिटात पैसे दिले आणि सही केलेला फॉर्म दिला. "तू भर दे, मैं इधरसे हिल नई सकता." त्या दिवशी आमचा सरावाचा सामना होता. खिडकी दोनपर्यंत उघडी असते हे मला ठाऊक होतं. हा हाफ संपला की जातो, असं म्हणत राहिलो. अडीचला धुळीने माखलेल्या बुटांनिशी खिडकीपाशी पोचलो तर ती बंद. दुसऱ्या दिवसापासून विलंब शुल्क लागणार होतं, आणि ते त्या पाकिटात नव्हतं, माझ्या खिशातही नव्हतं. संध्याकाळी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "रहने दे, देखते."

दोन दिवसांनी त्याचे अब्बा वारले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी ते पाकीट त्याला परत दिलं. त्यानंतर तो कॉलेजला आला नाही.

त्याच वर्षी १२ जुलैला विश्वचषकाची अंतिम लढत होती, फ्रान्स विरुद्ध ब्राझील. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. मोहल्ल्यात एकाच्या अंगणात टीव्ही बाहेर काढला होता आणि पन्नासेक माणसं जमली होती. सगळे झिदानच्या बाजूने. अल्जीरियातून आलेल्या मजुराचा मुलगा म्हणून तो आम्हाला आपलाच वाटायचा. पहिला गोल त्याने डोक्याने केला. थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर भिंतीला टेकून लेफ्टी उभा होता. हात कोपरापर्यंत काळे. गॅरेजमधून थेट आलेला. मला उठून जायचं होतं. म्हटलं, हाफटाइमला जाऊ. तेवढ्यात, हाफटाइमच्या तोंडावर झिदानने दुसरा गोल केला, तोही डोक्यानेच. सगळे उठून नाचले, मीही नाचलो. नाचून मागे वळलो तर भिंतीपाशी कोणी नव्हतं.

दोन्ही वेळा मी हाफ संपायची वाट बघत राहिलो होतो.

मेळाव्याच्या नोंदणीसाठी मोबाइलवर भरायचा एक फॉर्म होता. नाव, पत्ता, व्यवसाय, आणि लाल चांदणी लावलेला रकाना : पदवी वर्ष. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी बँकवाल्या मित्राला फोन केला. म्हटलं, लेफ्टीचं नाव घालायचंय. तो चांगला माणूस आहे, पण म्हणाला, "अरे, पण तो पास कुठे झाला? माजी विद्यार्थी कसा म्हणणार?"

मला राग आला. मग लक्षात आलं, की सत्तावीस वर्षांत मीही लेफ्टीला माजी विद्यार्थी म्हटलेलं नव्हतं.

२००६ चा सच्चर समितीचा अहवाल आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यात लिहिलंय, की देशात वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे सात टक्के, आणि मुसलमानांत चार टक्क्यांहूनही कमी. हा आकडा मी सभांमधून अनेकदा ऐकलाय, एक-दोनदा स्वतः सांगितलाही. पण आकडा सांगताना मी नेहमी सरकारकडे बोट दाखवलं, कधी समाजाकडे दाखवलं. जे पदवीपर्यंत पोचले नाहीत त्यांतला एक माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचा, हे कधी सांगितलं नाही.

एका शुक्रवारी जुम्म्यानंतर मी कल्याण रोडला त्याच्या गॅरेजवर गेलो. आता चार पोरं हाताखाली आहेत. त्याने मला लगेच ओळखलं, चहा मागवला, आणि माझी स्कूटर कशी चालते ते विचारलं. मी सामन्याचं सांगितलं. तो हसला.

"मास्टर, मेरा नाम उस लिस्ट में आता नई. मैं तो फेल बी नई हुआ. बैठाच नई."

मग मी ते पाकीट काढलं. म्हणजे पाकिटाची गोष्ट काढली. खिडकी, सामना, अडीच वाजले, सगळं एका दमात बोलून टाकलं. तो चिंधीला हात पुसत ऐकत होता.

"कौनसा फॉर्म?" त्याने विचारलं. मग त्याला आठवलं. "अरे, वो! अब्बा गये, पीछे तीन बहनें थी. तू टाइम पे भरता तो बी मैं पेपर कू आता था क्या?"

सत्तावीस वर्षं मी ज्याचं ओझं वाहिलं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. तेवढ्यात तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "पर तू पाकीट देके गया, फिर घर कू नई आया. उसका बुरा लगा था."

यावर उत्तर नव्हतं. फॉर्मची चूक एका दुपारची होती. न जाण्याची चूक मी रोज करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जिमखान्यात गेलो. तिथे जुने शिपाई मामा अजून आहेत, निवृत्त झाले तरी सकाळी येऊन बसतात. मी लेफ्टीचं नाव काढताच म्हणाले, "तो डावखुरा पोरगा? तो तर इथंच आहे की." आणि त्यांनी मला आतल्या भिंतीपाशी नेलं. १९९७-९८ च्या संघाचा फोटो. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा लेफ्टी, खाली पांढऱ्या रंगात त्याचं नाव, एक काना जास्त पडलेलं. ज्या कॉलेजच्या यादीत तो बसत नव्हता, त्याच कॉलेजच्या भिंतीवर तो इतकी वर्षं होता. मी मोबाइलवर फोटो काढला आणि बँकवाल्याला पाठवला. सोबत एक ओळही लिहिली नाही.

रात्री त्याचा निरोप आला, "फॉर्म परत उघडून बघ." पदवी वर्षाच्या जागी आता रकाना होता : कॉलेजमधलं शेवटचं वर्ष. पुढच्या दहा दिवसांत त्या रकान्यातून आणखी माणसं आली. लग्न ठरलं म्हणून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेल्या दोन बायका आल्या. सैन्यात भरती झालेला एक जण आला. ऊसतोडीला आई-बापासोबत गेला आणि परतलाच नाही, असा पाथर्डी तालुक्यातला एक जण आला. दरवाजा फक्त आपल्या लोकांसाठीच बंद होता, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली.

लेफ्टी सरावाला आला तो गॅरेजच्या कपड्यांवरच. पाच मिनिटं चेंडूशी चाळा केला आणि पन्नास फुटांवरून माझ्या पायात आणून ठेवला. पलीकडची मुलं सराव थांबवून बघायला लागली. त्यांच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला बोलावून घेतलं. मग पुढचे दोन रविवार तो अर्धा वेळ आमच्याकडे आणि अर्धा वेळ त्यांच्याकडे. त्याने मुलांना एक खेळ लावला : चेंडूला फक्त कमजोर पाय लावायचा. उजव्या पायाच्या मुलांनी डावा, डावऱ्यांनी उजवा. स्वतःही उजव्यानेच खेळला आणि दोनदा पडला.

मी त्याला म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाला, असंच सुचलं. मी त्याला सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी सांगितलं. हैदराबादचे रहीमसाहेब व्यवसायाने शाळामास्तर होते. तेही अशा कमजोर पायाच्या स्पर्धा भरवायचे. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने ते गेले. लेफ्टीने 'मैदान' सिनेमा बघितला होता. म्हणाला, "हौ, देखा. पर वो मास्टर था, ये ध्यान में नई रहा."

मीही मास्तर आहे. चांगला पाय सगळ्यांनाच दिसतो. मास्तराने कमजोर पायाकडे बघायचं असतं.

शेवटच्या रविवारी माझा तो विद्यार्थी, गोलकीपर, माझ्यापाशी घुटमळला. घरची तंगी होती. सुप्याच्या एमआयडीसीत बारा तासांची नोकरी मिळत होती. दुसरं वर्ष चालू आहे, सोडावं म्हणतो. मी मास्तरी भाषेत बरंच समजावलं. तो मान डोलवत राहिला. त्या मान डोलवण्याचा अर्थ आम्हा शिक्षकांना चांगला कळतो.

लेफ्टी बाजूला बूट काढत होता. त्याने न बघताच विचारलं, "पाना पकडता आता क्या?"

"सीख लूंगा, चाचा."

"कॉलेज के बाद आ. तीन से आठ. पैसे हफ्ते कू दूंगा. पर हर परीक्षा की फीस की पावती पहले मेरेकू दिखानी. पावती नई, तो काम बी नई."

माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा हे दोन मिनिटांत झालं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मैदानावर फक्की मारायला गेलो. दोरी धरायला वकील, फक्कीचा डबा कंडक्टरकडे, आणि रेघ सरळ आहे की नाही ते बघायला शिपाई मामा. आजी संघाची मुलंही आली. त्यांचा कर्णधार आम्हाला म्हणाला, "काका, पहिल्या हाफला आम्ही जरा हळू खेळतो."

"हळू खेळलात तर बघा," कांद्याचा व्यापारी म्हणाला, आणि पाठीला हात लावून सरळ झाला.

गोलकीपरने येऊन लेफ्टीच्या हातात घडी घातलेला कागद दिला. लेफ्टीने तो उजेडाकडे धरून वाचला आणि वरच्या खिशात ठेवला. पावती होती.

सामना आम्ही ४-१ ने हरलो. आमचा एक गोल कुणाच्या पासवर झाला ते सांगायला नको. मेळाव्यात स्टेजवरून भाषणं झाली, शाली झाल्या. लेफ्टी त्यासाठी थांबला नाही, त्याचं एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. जाताना मात्र जिमखान्यात जाऊन आला. शिपाई मामा म्हणाले, फोटोसमोर दोन मिनिटं उभा राहिला, मग नावातल्या जादा कान्यावर बोट ठेवून म्हणाला, "ये मास्टर कू दिखाव."

वाचकहो, तुमच्याही वर्गात असा एखादा असेल. बाक रिकामा झाला आणि आपण पुढच्या बाकावर सरकलो. तो कुठे राहतो हे बहुधा तुम्हाला ठाऊक असेल, कारण अशी माणसं फार लांब जात नाहीत. मेळाव्याची वाट बघू नका. हाफटाइमचीही बघू नका. आता दर शुक्रवारी जुम्म्यानंतर मी कल्याण रोडला चहाला जातो.